गिधाड गेले, माकडाचे काय?

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सत्तरी गाठलेल्या माणसाला विचारून पाहा. मेलेले जनावर माळावर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि थोड्याच वेळात नुसती हाडे उरत, असे तो सांगेल. शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी पाहिले, हे मात्र त्याला बहुधा आठवणार नाही. रोजच्या पाहण्यातल्या पक्ष्याची नोंद कोण ठेवणार?

पांढऱ्या पाठीचे गिधाड १९८५ च्या सुमारास जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल मानले जाई. १९९२ ते २००७ या काळात भारतात हजारांमागे जेमतेम एक उरले. जनावरांना देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याच्या मुळाशी असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. औषध दिलेले जनावर मेल्यावर ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. शंभरातल्या एकाहून कमी मृत जनावरांत औषध असले तरी एवढ्या ऱ्हासाला ते पुरेसे होते. कारण एका जनावरावर अनेक गिधाडे जमतात आणि जोडी वर्षाला एकच अंडे घालते. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

आता महाबळेश्वरला पर्यटकांच्या हातातला खाऊ पळवणारे माकड आठवा. डोक्यावर केसांची टोपी असलेली ही जात जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळते. २००८ साली तिची गणना ‘किमान चिंता’ या वर्गात होती; २०२० साली ती ‘असुरक्षित’ ठरली. दक्षिण भारतातील एका पाहणीत २५ वर्षांत ६५ टक्क्यांहून अधिक घट आढळली.

दोन्ही कथांत एक मोठा फरक आहे. गिधाडाचा शत्रू एक होता, म्हणून उपायही नेमका सापडला. माकडाची कारणे अनेक: रस्त्याकडेचे जुने वड तुटले, देवळांच्या परिसरातला त्यांचा थारा कमी झाला, उत्तरेकडून ऱ्हीसस माकड त्यांच्या प्रदेशात सरकत आहे. पिकांचे नुकसान होते ही शेतकऱ्याची तक्रारही खरीच आहे. पण एका गावात उपद्रव वाढला म्हणजे जातीची संख्या वाढली, असे नव्हे.

गिधाडांच्या वेळी आपल्याजवळ जुने आकडे नव्हते. माकडांच्या बाबतीत ती चूक टाळता येईल. विद्यार्थ्यांनी आजोबा-आजींकडून गिधाडांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात गावातील माकडांचे कळप, त्यांतील पिल्ले मोजावीत. दहा वर्षांनी शाळेतली ती वहीच इतिहास सांगेल.