अग्निजन्य भूमीचीं दोन पिकें

मलकापुराहून पूर्णेकडे जाऊं लागलें म्हणजे दुतर्फा जी काळीभोर जमीन दिसते ती मूळची आग होय, हें तिजवर नांगर धरणाराच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनवर शिलारसाचे थरांवर थर पसरले. तो पाषाण झिजून माती झाली व नद्यांनीं ती खोऱ्यांत आणून टाकिली. एजियन समुद्रांतील थेरा ऊर्फ सान्तोरिनी बेटाची कुळकथा हीच. मात्र तेथील गोष्ट ताजी: सुमारें ३६०० वर्षांपूर्वीं बेटाचा मध्यभाग स्फोटानें उडाला आणि उरलेल्या कड्यांवर राख व सच्छिद्र दगड यांचा थर बसला. तेथें द्राक्षाचें मद्य पिकलें, येथें कापूस. एकाच अग्नीचीं पिकें इतकीं निराळीं कां, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आहे.

उत्तर मातीच्या वयांत असावें. थेराची राख अजून पुरती माती झालेलीच नाहीं. तींत चिकणाचा अंश जवळजवळ नाहीं, पाऊस तुटपुंजा, रात्रीं समुद्रावरून येणारें धुकें सच्छिद्र दगड शोषून घेतात, त्यावर वेल जगते. वाऱ्याच्या भयानें माळी ती मांडवावर न चढवितां जमिनीलगत टोपलीसारखी वळवितात, व घोस त्या टोपलीच्या पोटांत पिकतात. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्झेरा नामक किडीनें मुळें पोखरून युरोपांतील बहुतेक द्राक्षमळे उजाड केले. थेराच्या वाळूंत मात्र तिला थारा मिळाला नाहीं. आमची काळी याच्या अगदीं उलट. ती पाणी धरून बसते. जी ओल कपाशीस मानवते तिनेंच द्राक्षाचें मूळ कुजतें.

म्हणून दख्खननें मद्य बाहेरून घेतलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्य आहे, व त्यांतही इटलीच्या मद्यास पसंती. तेरहून भडोचास जाई तें कापड. नेवाशास १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळियांनीं केलेल्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. भारतांत अन्यत्र सांपडलेल्या अशा कांहीं कुंभांच्या मातींत काळी ज्वालामुखीची वाळू आहे. ती व्हेसुव्हियसच्या परिसरांतील. एका शिलारसाचें कापड देऊन दुसऱ्याचें मद्य घेण्याचा हा सौदा कोणी जाणून केला नव्हता, पण तो बरोबरीचा होता.

पुढें ती बरोबरी राहिली नाहीं. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, तिकडील कापूस थांबला आणि येथील भाव आकाशास भिडला. मलकापुरावरून जाणारी आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. पण त्यापूर्वींच, १८६५ सालीं, युद्ध संपून तो भाव कोसळला होता! थेराच्याही नशिबीं हेंच आलें. तेथील गोड मद्य रशियांतील ख्रिस्ती देवालयांत जात असे. १९१७ च्या क्रांतीनें तें गिऱ्हाईक तुटलें. पिकविणाऱ्याचा दोष दोन्हीकडे कांहींच नव्हता.

नाशिक व नारायणगांवकडील बागाइतदारांनीं अलीकडे भारी काळी टाळून मुरमाड, निचऱ्याची जमीन धरिली. वर्षांतून दोनदां, एप्रिलांत व ऑक्टोबरांत, छाटणी करून वेलीस आमच्या उष्ण हवेची संवय लाविली. आणि २००१ सालीं सरकारनें द्राक्षमद्यास उत्तेजन देणारें धोरणही आंखलें. पूर्णाकांठचा शेतकरी अद्यापि मलकापूरच्या बाजारांत कापसाचाच भाव विचारतो.