‘विश्वासू मित्र’ आणि वऱ्हाड : पहिल्या महायुद्धातील एका मैत्रीचा हिशेब (थ्रेड)

१/ मेळघाटातील धारणीहून सेमाडोहमार्गे घाट उतरला की परतवाडा लागते. एकेकाळी येथे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेची छावणी होती. वऱ्हाडाचे भवितव्य याच फौजेशी बांधलेले होते, ते कसे ते पाहू.

२/ फौज निजामाच्या नावाची, अधिकारी ब्रिटिश आणि खर्च निजामाचा. देणे थकले. १८५३ च्या तहाने त्यापोटी वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे गेला. १९०२ मध्ये कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. फौज गेली, गहाण मात्र सुटले नाही.

३/ १९१४. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. सुलतान हा खलिफाही होता. नोव्हेंबरमध्ये त्याच्या नावाने जिहाद पुकारला गेला. जर्मनीचा डाव स्पष्ट होता : हिंदुस्थान आणि इजिप्तमधील मुसलमान उठले, तर ब्रिटिश फौजा तिथेच अडकून पडतील.

४/ ब्रिटिशांना अशा वेळी खलिफाच्या शब्दाला उत्तर देणारा मुसलमान राजा हवा होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ते काम केले. ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहा, असे जाहीर आवाहन त्याने देशातील मुसलमानांना केले. युद्धनीतीत अशा शब्दाचे मोल एखाद्या पलटणीपेक्षा कमी नसते.

५/ पैसा आणि माणसेही गेली. हैदराबादचे लान्सर्स सुएझ व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर लढले. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक हैदराबादची आहे. जुन्या कंटिन्जंटमधून घडलेल्या २० व्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर, हाय वूडजवळ, भाले सरसावून हल्ला चढवला. ज्या फौजेच्या पगारापायी वऱ्हाड गेले, तिचेच वारस आता फ्रान्समध्ये ब्रिटिशांसाठी लढत होते.

६/ युद्धकाळातच निजामाला किताब मिळाला : ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’.

७/ निजामाने तो शब्द खरा मानला. १९२३ मध्ये त्याने वऱ्हाड परत मागितले. मित्रामित्रांतला वाद बरोबरीच्या नात्याने सुटावा, अशी त्याची भूमिका होती. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर दिले : हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीने बोलता येणार नाही.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे उत्तर फार काही शिकवते. मैत्रीची किंमत गरजेवर ठरते. १९१४ मध्ये तुर्कस्तानचा खलिफा रणात होता, म्हणून निजाम मोलाचा होता. १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. निजामाच्या हातातला हुकमाचा पत्ता तिथेच संपला.

९/ १९३६ च्या करारात वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदावर मान्य झाले आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कारभार मात्र मध्य प्रांताबरोबरच चालू राहिला.

१०/ १८५३, १९०२, १९३६ : या तिन्ही करारांत पक्ष दोनच, निजाम आणि ब्रिटिश. कापूस पिकवणारा अमरावती-अकोल्याचा शेतकरी आणि मेळघाटचा कोरकू यांची सही कशावरच नाही. महायुद्धांतील मैत्रीचे तह वाचताना म्हणून एक प्रश्न नेहमी विचारावा : दोन मित्रांच्या या सौद्यात पणाला लागलेली जमीन कोणाची होती?