अडकलेला सूर

१९८३च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला ‘नॅम’ हा वाद्यव्यापाऱ्यांचा मेळा भरला होता. तिथे सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले. कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, एक अमेरिकी, दुसरी जपानी. पण एकाची पट्टी दाबली की दुसराही वाजू लागला. सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ यांनी चेट वूड यांच्याबरोबर १९८१ मध्येच अशा सामाईक जोडणीचा आराखडा मांडला होता. रोलंडचे इकुतारो काकेहाशी त्याच सुमारास हीच कल्पना घेऊन प्रतिस्पर्ध्यांची दारे ठोठावत होते. मिडी जन्माला आला तो या दोघांच्या खटपटीतून.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, हुकूम जातात. १४४, ६०, १०० असे तीन आकडे आले की पहिल्या चॅनेलवर पियानोचा मधला ‘सी’ बऱ्यापैकी जोराने वाजवायचा. १२८, ६०, ० आले की तो सोडायचा. ‘वाजव’ आणि ‘सोड’ हे दोन वेगळे हुकूम आहेत, आणि पुढचा सगळा घोळ त्यातल्या दुसऱ्याने घातलेला आहे.

मूळ तारेवर मात्र घोळाला जागा नव्हती. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ३२ने भागले की हा आकडा येतो, आणि तेवढा भागाकार त्या काळच्या स्वस्त चिपांना सहज जमे. तीन आकड्यांचा हुकूम जायला एका मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ. केबल १५ मीटरच्या आत हवी. तार धीमी खरी, पण इमानी: इकडून घातले ते त्याच क्रमाने तिकडे निघणार. त्यामुळे ‘वाजव’ किंवा ‘सोड’ पोचला की नाही याची पोच मागायची सोय कुणी ठेवलीच नाही.

गंमत म्हणजे मिडी नेटवर्कवर चढण्याआधी नेटवर्कच मिडीवर चढून बसले होते. १९८५च्या अटारी एसटी कॉम्प्युटरला मिडीचे सॉकेट कारखान्यातूनच बसवलेले असत. १९८७च्या ‘मिडी मेझ’ या खेळाने त्यांचा भलताच उपयोग काढला. एकाचे ‘आउट’ दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, असे सोळा अटारींपर्यंत कडे करायचे आणि चक्रव्यूहात एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. संगीताशी संबंध शून्य.

उलटा प्रवास अवघड निघाला. स्टुडिओत एकाहून जास्त कॉम्प्युटर आले, ते इथरनेटने आधीच जोडलेले होते, मग मिडीसाठी वेगळ्या तारा कशाला, हा प्रश्न रास्तच होता. वेग तर कितीतरी पट जास्त. पण नेटवर्क सगळे निरोप पाकिटांत घालून नेते, त्यातली काही हरवते, आणि हरवले तर कुणाला सांगत नाही. हरवलेले पाकीट पुन्हा मागवण्याची व्यवस्था इंटरनेटवर आहे, पण ते येईपर्यंत मागची सगळी पाकिटे ताटकळत राहतात. वाजवणाऱ्याला हे परवडत नाही. आणि मागवले नाही तर? ‘वाजव’ हरवला तर एक सूर गळतो, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘सोड’ हरवला तर मात्र ऑर्गनचा तो सूर तसाच कण्हत राहतो. वादकाने हात उचललेत, श्रोते टाळ्या वाजवताहेत, आणि सूर चालूच. अनेक मिडी प्रोग्रॅममध्ये ‘पॅनिक’ नावाचे बटण असते ते सगळे अडकलेले सूर एकदम सोडवण्यासाठी.

यावरचा तोडगा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला. जॉन लाझारो आणि जॉन वॉर्झिनेक यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांत बसलेल्या वादकांना नेटवर्कवरून एकत्र वाजवता येईल का, याचे प्रयोग केले आणि त्यावर २००१ मध्ये निबंध मांडला. हरवलेले पाकीट परत मागायचेच नाही, ही त्यांची युक्ती. जुन्या काळी टपालाचा भरवसा नसे, तेव्हा माणसे नव्या पत्रात मागच्या पत्राचा मजकूर थोडक्यात पुन्हा लिहीत आणि ‘पत्र पावले’ असे उत्तर आले की ती पुनरुक्ती थांबवत, इथे तेच. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी एक छोटी रोजनिशी जोडलेली असते. समोरच्याकडून शेवटची पोच आल्यापासून काय काय घडले त्याचा तिच्यात गोषवारा. पाकिटांवर क्रमांक असतात. घेणाऱ्याला ४१ नंतर एकदम ४३ दिसले की तो ४३च्या रोजनिशीत डोकावतो आणि ४२ मध्ये काय राहून गेले ते उरकतो.

या रोजनिशीत प्रकरणे आहेत: सुरांचे एक, पिच-व्हीलचे एक, कंट्रोलरचे एक. त्यातले सुरांचे प्रकरण वाचावे. हरवलेला ‘सोड’ कळला की तो उशिरा का होईना अमलात आणायचाच. हरवलेल्या ‘वाजव’पुढे मात्र एक बिट असतो: पाठवणाऱ्याची शिफारस, की हा सूर आता वाजवावा की सोडून द्यावा. उशिरा आलेला सूर न आलेलाच बरा, हे कुठल्याही तबलजीला सांगावे लागत नाही. इथे ते मानकाच्या कागदपत्रात एका बिटाने नोंदवले आहे. इतके कोरडे कागद मी आवडीने वाचतो ते अशा जागांसाठी.

हे मानक, आरएफसी ४६९५, नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती ६२९५ आली. पण ॲपलने मॅकच्या २००५च्या ‘टायगर’ प्रणालीतच ते वापरायला काढले होते. मानकात पाकीट कसे असावे ते होते, कोणी कोणाला कसे बोलवायचे ते ॲपलने आपले आपण ठरवले. मॅकवरच्या ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये नेटवर्कचे चिन्ह उघडले की खोलीतले दुसरे मॅक आपोआप यादीत दिसतात. एक निवडून ‘कनेक्ट’ दाबले की निमंत्रण जाते, समोरचा होकार किंवा नकार देतो. मग दोघे घड्याळे जुळवतात: पहिला आपली वेळ कळवतो, दुसरा त्यात आपली घालतो, पहिला पुन्हा आपली कळवतो. मोजमाप सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात. या जुळणीतूनच ये-जा करायला किती वेळ लागतो ते समजते. यासाठी नेटवर्कची दोन दारे (पोर्ट) लागतात: ५००४ निरोपांसाठी, ५००५ संगीतासाठी. जोडणी जमत नसेल तर फायरवॉलने ही दोन बंद केलीत का, ते आधी पाहावे. विंडोजवाल्यांची सोय जर्मनीतल्या टोबियास एरिक्सन यांनी ‘आरटीपीमिडी’ हा मोफत प्रोग्रॅम लिहून केली, आणि २०१०च्या आयओएस ४.२ पासून आयपॅडही या गोतावळ्यात आला.

अंतरावर मात्र रोजनिशीचा इलाज चालत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यू यॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एका बाजूचेच साठाहून जास्त मिलिसेकंद. खऱ्या तारा वळणे घेतात, तेव्हा याहून जास्त. तेवढ्या वेळात हवेतून आवाज वीस मीटर जातो. मुंबईतल्या तबल्याबरोबर न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा कीबोर्ड द्रुत लयीत जुळणे कठीणच. म्हणून नेटवर्क मिडी बहुधा एकाच इमारतीत नांदतो: स्टेजवरून मागच्या रॅकपर्यंत, मॅकवरून शेजारच्या पीसीपर्यंत.

२०२० मध्ये मिडी २.० आला आणि २०२४च्या नोव्हेंबरात त्याचे स्वतःचे नेटवर्क-मानक. त्यात रोजनिशी नाही. नवे पाकीट आधीची काही पाकिटे जशीच्या तशी सोबत नेते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर हरवलेले पुन्हा मागता येते.