बंद दिसतं, पण चालू असतं: रेडिओच्या व्हॉल्व्हपासून स्टँडबायच्या लाल ठिपक्यापर्यंत

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे तर तुम्ही ऐकलंच असेल. आजची गोष्टही या दोन्ही ठिकाणांची आहे.

रेडिओ लहरी प्रयोगानं सिद्ध केल्या त्या जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झनं, १८८७-८८ च्या सुमारास. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात १९३५ मध्ये हैदराबादहून डेक्कन रेडिओचं प्रसारण सुरू झालं आणि १९५० मध्ये तो आकाशवाणीत गेला. पुढे परभणीलाही स्वतःचं आकाशवाणी केंद्र मिळालं.

त्या काळचे रेडिओ व्हॉल्व्हचे. आत काचेच्या नळ्या, नळीत तार. तार तापल्याशिवाय आवाज नाही, म्हणून बटण फिरवलं की थोडा वेळ थांबायचं. ईएल८४ नावाच्या प्रसिद्ध व्हॉल्व्हला नुसती तार तापवायलाच पावणेपाच वॅट लागतात. हवा खेळावी म्हणून रेडिओच्या पाठीला भोकं असायची. पण बटण बंद केलं, की सगळं खरोखर बंद व्हायचं.

१९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि तार तापवायची गरज संपली. मग आजचे महागडे अँप्लिफायर एवढे का तापतात? त्यातले काही ‘क्लास ए’ पद्धतीचे असतात. गाणं लागो वा न लागो, त्यातून पूर्ण प्रवाह वाहतच राहतो. आवाज साफ येतो, पण बरीचशी वीज उष्णता होऊन खोलीत येते. जर्मनीच्या थंडीत ते बरंच वाटेल हो! परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा २०० वॅटचा असा डबा म्हणजे खोलीत छोटी शेगडीच. वर ती उष्णता बाहेर काढायला कूलर लावा.

आता येऊ लाल ठिपक्याकडे. रिमोटची हाक ऐकायची, तर यंत्राला सतत जागं राहावं लागतं. हा जागरणाचा खर्च म्हणजे स्टँडबाय. हिशोब सोपा आहे: १० वॅट, २४ तास, ३६५ दिवस. वर्षाला साधारण ८८ युनिट! १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं ‘एक वॅट’चं उद्दिष्ट मांडलं. युरोपनं २०१० पासून साध्या स्टँडबायला एक वॅटची, तर २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. वाय-फायवर कान लावून बसणाऱ्या उपकरणांना मात्र जास्त सूट आहे.

‘अर्ध्या वॅटनं काय होतंय?’ असं म्हणाल, तर शेजारच्या परळीकडे बघा. तिथल्या औष्णिक वीज केंद्राला पाणी जायचं ते आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या, गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा जाळून केलेल्या विजेला पाणीही लागतं, मंडळी. गोदाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे घराघरातले लाल ठिपके एकत्र केले, तर त्यात थोडी गोदावरीही आटते.

मी गाणी सोडा म्हणत नाही. आज रात्री गाणं संपलं, की फक्त अँप्लिफायरवर हात ठेवून बघा. अर्ध्या तासानं परत बघा. अजून कोमट लागला, तर रिमोट बाजूला ठेवा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. त्यापेक्षा खात्रीचा उपाय मला तरी माहीत नाही.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!