रिकामा शंख कुणाचा असतो?

आजचा भाग घरांच्या इतिहासावर आहे. पण ही घरं माणसांची नाहीत, शंखात राहणाऱ्या खेकड्यांची आहेत. ज्याला आपण हर्मिट क्रॅब म्हणतो, तोच तो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काशिदच्या ट्रिपवरून चिंचवडला परतलो आणि रात्री भाच्याच्या पिशवीतला एक शंख चक्क चालायला लागला. भाचा म्हणाला, "मामा, आपण ह्याला पाळू या. नवीन घर पण देऊ!" मी पडलो इंजिनिअर. भोसरीतल्या मित्राच्या वर्कशॉपमधून थ्रीडी प्रिंटरवर मस्त निळा शंख छापून आणला. खेकड्याला नळाच्या पाण्यात घरचं मीठ घालून ठेवलं. त्याने त्या निळ्या घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तो मेला. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मग मी वाचायला बसलो. जे आधी करायला हवं होतं.

या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख अंगावर घेतो आणि वाढला की मोठा शोधतो. ॲरिस्टॉटलनेसुद्धा हे लिहून ठेवलंय. इंग्लंडमध्ये स्पीटनला तर ॲमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखात बसलेला खेकडा दगड होऊन सापडला. 2003 मध्ये त्याच्यावर शोधनिबंध आला. वय सुमारे 13 कोटी वर्षं! म्हणजे भाड्याच्या घराची ही पद्धत डायनासोरच्या काळातली.

माणूस यात घर देणारा म्हणून आला तो अगदी काल-परवा. 2009 मध्ये जपानच्या आकी इनोमाता या कलाकार बाईंनी खेकड्यांसाठी प्लास्टिकचे पारदर्शक शंख बनवले, वर शहरांच्या इमारती. सुरुवातीचे आकार खेकड्यांनी नाकारले. मग त्यांनी खऱ्या शंखाचा सीटी स्कॅन काढून आतला पीळ तसाच ठेवला, तेव्हा कुठे खेकडे आत गेले. 2011 मध्ये मेकरबॉट कंपनीने 'प्रोजेक्ट शेल्टर' काढून लोकांकडून शंखांची डिझाइन्स मागवली.

आणि न मागता दिलेली घरं? 2024 च्या एका अभ्यासात इंटरनेटवरच्या फोटोंमधून कचऱ्यात राहणारे 386 खेकडे मोजले गेले. बहुतेकांच्या अंगावर प्लास्टिकची झाकणं. 2019 चा अंदाज त्याहून वाईट. कोकोस आणि हेंडरसन बेटांवर मिळून सुमारे 5 लाख 70 हजार खेकडे कचऱ्यातल्या बाटल्या-डब्यांत अडकले होते. एक आत मरतो, त्याच्या वासावरून बाकीच्यांना वाटतं की शंख रिकामा झाला. मग तेही आत शिरतात.

आता ही रांग समजून घ्या. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ आयव्हन चेस यांनी दाखवलं की एक मोठा शंख रिकामा मिळाला की एकच खेकडा हलत नाही. त्याने सोडलेल्या शंखात दुसरा जातो, दुसऱ्याच्यात तिसरा. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चाकणला नोकरी लागलेला पोरगा आधी कॉट बेसिसवर राहतो, मग वन आरके घेतो, मग मोशीत वन बीएचके. प्रत्येक वेळी त्याची जागा मागून आलेल्याला मिळते. 1972 मध्ये कामगारांच्या घरांसाठी आपल्याकडे प्राधिकरण आलं, तेव्हापासून या शहरात कितीतरी कुटुंबं अशीच एकेक घर पुढे सरकली असतील. वरचं एक घर अडलं की खालची सगळी रांग अडते.

म्हणून किनाऱ्यावरचा रिकामा शंख म्हणजे फुकटची वस्तू नाही. तो कुणाच्या तरी रांगेतला पहिला नंबर आहे.

एखाद्याने खेकडा पाळलेलाच असेल तर त्याला वेगवेगळ्या मापाचे, न रंगवलेले खरे शंख द्या. रंगाचे पापुद्रे त्याच्या पोटात जाऊ शकतात. पण आपल्या किनाऱ्यावरून उचललेल्याला खरं तर समुद्रच लागतो. माझ्या खेकड्याला घर कमी पडलं नव्हतं, समुद्र कमी पडला होता.

शोकेसमधले सगळे शंख आम्ही परत काशिदला नेऊन ठेवले. भाच्याने एकेक करून, तोंड वाळूच्या बाजूला करून. तुमच्या शोकेसमध्ये किती आहेत? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!