लसूण-तेल (कर्णोपचार)

कानदुखीवर कोमट करून कानात घालावयाचे, लसणीच्या पाकळ्या कढवलेले तेल. कानात तेल भरण्याच्या आयुर्वेदीय विधीस कर्णपूरण म्हणतात [→ शालाक्यतंत्र]. महाराष्ट्रात घरोघरी खोबरेल वा तिळाचे तेल घेतात. ठेचलेल्या लसणीतील ॲलिसिन प्रयोगशाळेत जंतुरोधक ठरते. परंतु ते उष्णतेने नाश पावते, शिवाय अखंड पडद्यातून तेल मध्यकर्णात पोहोचत नाही. इस्राएलमध्ये ऑलिव्ह तेलातील लसूण व अन्य वनस्पतींच्या थेंबांच्या चाचण्या २००१ (१०३ मुले) व २००३ (१७१ मुले) मध्ये प्रसिद्ध झाल्या. वेदना बधिरक थेंबांइतकी तरी कमी झाली; मात्र दुसऱ्या चाचणीत सु. ८०% उतार निव्वळ काळ लोटल्याने पडल्याचे आढळले. एकट्या लसणीची कसोटी त्यांत नव्हती. पडदा फाटला असल्यास वा कान वाहत असल्यास तेल घालणे धोक्याचे [→ मध्यकर्णशोथ].