झोपेतून न जागणारा संगणक

स्लीप अवस्थेत ठेवलेला डेस्कटॉप किंवा लॅपटॉप कळ दाबून, माऊस हलवून किंवा झाकण उघडूनही पूर्ववत सुरू न होणे, हा व्यक्तिगत संगणकांमधला जुना आणि चिवट बिघाड. पडदा काळा राहतो. पंखा कधी फिरत असतो, कधी नसतो. बाजूचा दिवा स्थिर असतो किंवा लुकलुकत राहतो. दुरुस्तीच्या दुकानात ग्राहक एवढेच सांगतो की ‘चालूच होत नाही’, आणि बऱ्याचदा ते खरे नसते. यंत्र चालू असते, फक्त पडदा झोपलेला असतो. उलटही घडते: पडदा उजळतो, पण कोपऱ्यातले घड्याळ काल रात्रीच्या सव्वाअकरावर अडकलेले असते आणि माऊसचा बाण जागचा हलत नाही. बाहेरून सारखी दिसणारी ही दुखणी आतून इतकी निराळी आहेत की झोपेची रचना समजल्याशिवाय हात घालणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

ही रचना ठरवणारा दस्तऐवज डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून प्रसिद्ध केला. त्याचे नाव एसीपीआय. त्याआधी, १९९२पासून, एपीएम नावाची पद्धत होती. तिच्यात वीज वाचवण्याचा कारभार बायोसकडे असे आणि ऑपरेटिंग सिस्टीमला फारसे विचारले जात नसे. एसीपीआयने सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती दिली आणि अवस्थांना क्रमांक दिले. एस-० म्हणजे पूर्ण जाग, एस-५ म्हणजे बंद. लोक ज्याला इतकी वर्षे स्लीप म्हणत आले ती एस-३: प्रोसेसर, ग्राफिक्स, डिस्क यांची वीज तोडायची आणि फक्त रॅम जिवंत ठेवायची. रॅमच्या प्रत्येक घरातला विद्युतभार सतत गळत असतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. झोपेत हे काम रॅमच्या चिप स्वतःच करत राहतात. एस-४ म्हणजे हायबरनेट. त्यात रॅममधला सारा मजकूर डिस्कवर उतरवला जातो आणि मग विजेची गरजच उरत नाही.

जागे होणे हे नव्याने सुरू होण्यापेक्षा अवघड आहे, आणि या बिघाडाचे मूळ तिथेच आहे. नव्याने सुरू होताना सगळेच शून्यापासून आरंभ करतात. एस-३मधून उठताना मात्र रॅममधल्या प्रोग्रॅमांना काही घडलेच नाही असे वाटत असते, आणि ग्राफिक्स कार्ड, यूएसबी, वायफाय, ध्वनी यांचे हार्डवेअर मात्र सारे विसरून कोरे झालेले असते. दोन्हींचा मेळ पुन्हा घालायचा असतो. पालखीचे खांदे बदलावेत तसे काम हातोहात पुढे जाते: बटणाचा संकेत मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपकडे, तिथून विजेच्या रेषांकडे, मग फर्मवेअरकडे, म्हणजे बायोसकडे. फर्मवेअर रॅम ताब्यात घेते आणि झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टीमने लिहून ठेवलेल्या पत्त्यावर उडी मारते. पुढे ऑपरेटिंग सिस्टीम एकेका ड्रायव्हरला उठवते आणि प्रत्येक ड्रायव्हर आपले उपकरण पूर्वस्थितीला आणतो. यातला एक जरी अडला, तरी पडद्यासमोर बसलेल्याला दिसतो तो तोच काळोख.

या तंत्राच्या बाल्यावस्थेतला एक मासला ॲपलचा. सप्टेंबर १९८९मध्ये आलेल्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये महागडी स्टॅटिक रॅम होती. तिला पुन्हा पुन्हा भार भरावा लागत नाही, त्यामुळे हे यंत्र झोपेत फार कमी वीज घेई आणि चटकन उठे. पण त्याच्या पहिल्या आवृत्तीत वीज बॅटरीतूनच पुढे जाण्याची रचना होती. बॅटरी पार मेलेली असेल तर चार्जर भिंतीला लावूनही ते उठत नसे.

दुरुस्तीची खरी सुरुवात पॉवरचे बटण दाबून धरण्याआधी होते. ते बटण दहा सेकंद दाबले की वीज तुटते, पुरावाही पुसला जातो. म्हणून आधी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर सामान्यतः ऑपरेटिंग सिस्टीम जागी आहे आणि दोष पडद्याच्या वाटेवर आहे. दिवा ढिम्म राहिला तर गाठ आणखी खोल. बाजूच्या दिव्याचीही भाषा असते. ॲपलने १९९९च्या आयबुकमध्ये झोपेचा दिवा श्वासासारखा मंद-तेज होत ठेवला, जुन्या थिंकपॅडवर चंद्रकोरीचा दिवा असे. दिवा अजून झोपेचीच खूण दाखवत असेल तर उठण्याचा संकेत पोहोचलाच नाही. तो स्थिर झाला आणि पडदा काळा असेल, तर यंत्र उठले पण वाटेत अडकले.

कॅप्स लॉक जिवंत असेल तर विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बहुधा बारीकसा ‘बीप’ ऐकू येतो आणि कित्येकदा पडदा परततो. डेस्कटॉपला जोडलेला मॉनिटरही संशयित धरावा. काही मॉनिटर गाढ झोपेत गेल्यावर डिस्प्लेपोर्टच्या तारेवरचा संकेत ओळखत नाहीत. मॉनिटर बंद करून चालू करणे किंवा केबल काढून लावणे हा उपाय क्षुल्लक दिसतो, पण तासभर ड्रायव्हर शोधण्याआधी तो करून पाहिलेला बरा. लॅपटॉपची झाकण ओळखण्याची सोयही फसवी असते. झाकणात लोहचुंबक आणि खाली चुंबकक्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर, अशी ही जोडी असते. चालू लॅपटॉप दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवला, किंवा चुंबकाच्या कडीचे मनगटी घड्याळ नेमके त्या जागी टेकले, तर यंत्राला वाटते झाकण मिटले. ते झोपते आणि उठवले तरी पुन्हा झोपते. इथे बिघाड काहीच नसतो.

यातले काहीच चालले नाही तर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही. लॅपटॉपचा चार्जर आणि यूएसबीला लावलेले सारे आधी काढून ठेवावे, मग बटण वीस-तीस सेकंद दाबावे. यंत्र सुरू झाल्यावर लगेच विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवरच्या नोंदी पाहाव्यात. क्रमांक ४२ म्हणजे झोपेत गेला, १०७ म्हणजे परत आला, ४१ म्हणजे नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. या ४१ला लोक उगाच घाबरतात. ती कारण सांगत नाही, फक्त बटण दाबल्याची किंवा वीज गेल्याची चुगली करते. महत्त्व आहे ते ४२नंतर १०७ दिसते का, याला. दिसत असेल तर विंडोज परतले होते आणि संशय ड्रायव्हरवर जातो. दिसत नसेल तर फर्मवेअर, रॅम किंवा विजेकडे वळावे. अर्थात डिस्कच उठली नसेल तर नोंद लिहिणार कुठे, हेही ध्यानात ठेवावे लागते. निळा पडदा येऊन त्यावर ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर असे शब्द दिसले, तर एखाद्या ड्रायव्हरने झोपेचे किंवा जागेपणाचे काम मुदतीत पुरे केलेले नाही, हे खुद्द विंडोजच सांगते आहे.

ड्रायव्हरमध्ये पहिला मान ग्राफिक्सचा, त्यानंतर चिपसेट, वायफाय आणि डिस्क. ते लॅपटॉप किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावेत, आणि त्रास ताज्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या आवृत्तीवर परत जावे. बायोसचे अपडेट शेवटी नव्हे, सुरुवातीलाच तपासावे, कारण झोपेचे दोष तिथेच दुरुस्त केलेले असण्याचा संभव मोठा. माऊस किंवा कीबोर्डने उठत नसेल पण बटणाने उठत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाला संगणक उठवण्याची परवानगी आहे का ते पाहावे. पॉवरच्या प्रगत पर्यायांत पीसीआय एक्स्प्रेसच्या दुव्यांची वीजबचत बंद केल्यावर काही एसएसडी ताळ्यावर येतात. विंडोज ८पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपचेही भान हवे. त्यात ‘शटडाऊन’ केल्यावरही विंडोजचा गाभा हायबरनेट होतो, म्हणजे बिघडलेला ड्रायव्हर उद्याही त्याच अवस्थेत परत येतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. ‘बंद करून चालू केला, फरक नाही, रीस्टार्ट केला, बरा झाला’ या अनुभवाचे रहस्य एवढेच. कित्येक दुकानांत यावर थेट ‘फॉरमॅट मारून देतो’ असा तोडगा निघतो. दोष ड्रायव्हरचा असेल तर तो योगायोगाने लागू पडतो, फर्मवेअरचा असेल तर पैसेही जातात आणि फोटोही.

डेस्कटॉपमध्ये संशयाची सुई एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीकडे वळवावी. एटीएक्स पद्धतीच्या एसएमपीएसमध्ये ५ व्होल्टची एक स्टँडबाय रेषा असते, जांभळ्या तारेची. संगणक झोपलेला असताना रॅम आणि बटण यांना तीच जागवते. कपॅसिटर म्हातारे झाले की ही रेषा ढासळते. मशीन एरवी उत्तम चालते आणि झोपेतून तेवढे उठत नाही. रॅमची बाब आणखी सूक्ष्म. नव्याने सुरू होताना फर्मवेअर रॅमच्या वेळा मोजून जुळवते, झोपेतून उठताना मात्र जपून ठेवलेले जुनेच आकडे वापरते. एक्सएमपी हे रॅमचा वेग वाढवणारे सेटिंग लावून कडेलोटावर पळवलेली रॅम इथे घसरते. ते बंद करून, म्हणजे रॅम मूळ वेगावर आणून चार दिवस पाहणे ही बिनखर्चाची चाचणी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत कारागीर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासतात आणि पुन्हा बसवतात. संपर्क गंजला असेल तर उपाय चालतोही, पण रबराचा चुरा खाचेत जाऊ न देता आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे अधिक सुरक्षित. युरोपीय वीजबचत नियमांसाठी अनेक बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाचा पर्याय असतो. तो चालू असेल तर हायबरनेट किंवा बंद अवस्थेत यूएसबीची वीज तुटते, आणि कीबोर्ड कितीही बडवला तरी यंत्र ऐकत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळा काढावा लागतो. एस-३मधल्या डेस्कटॉपची वीज क्षणभर गेली तरी रॅममधले सगळे पुसले जाते. परतल्यावर मालकाला वाटते की यंत्र उठले नाही. खरे तर उठण्यासारखे काही उरलेलेच नसते. महाराष्ट्रात लोडशेडिंगची वेळापत्रके घराघरांत पाठ होती त्या काळातच, विंडोज व्हिस्टामध्ये, हायब्रिड स्लीप आले. त्यात रॅम जिवंत ठेवतानाच तिची प्रत डिस्कवरही लिहिली जाते. वीज टिकली तर झटपट जाग, गेली तर डिस्कवरून. यूपीएसविना डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी हा पर्याय चालू आहे ना, हे पाहून ठेवावे.

गेल्या दशकात झोपेची व्याख्याच बदलली. विंडोज ८बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आणि विंडोज १०बरोबर मॉडर्न स्टँडबाय आले. यात संगणक एस-३मध्ये जातच नाही. तो एस-०मध्येच, पडदा विझवून, मोबाइलसारखा डुलक्या घेत राहतो आणि अधूनमधून नेटवर्कही तपासतो. कागदावर हे आकर्षक आहे. प्रत्यक्षात एखादे उपकरण झोपायला तयार नसेल तर लॅपटॉप बंद बॅगेत तापतो, बॅटरी रिकामी होते आणि सकाळी ‘उठत नाही’. खुद्द मायक्रोसॉफ्टचे सर्फेस बुक आणि सर्फेस प्रो ४ हे ऑक्टोबर २०१५मध्ये बाजारात आल्यावर झोपेच्या तक्रारींनी गाजले, आणि फेब्रुवारी २०१६च्या फर्मवेअर अपडेटांनंतर त्यांना उतार पडला. आपल्या यंत्रात कोणती झोप आहे हे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘ए’ या पर्यायासह दिल्यावर दिसते. ‘स्लीपस्टडी’ हा तिचाच दुसरा पर्याय रात्रभर कोण जागे होते त्याचा हिशेब मांडतो. मॉडर्न स्टँडबायच्या यंत्रात सहसा एस-३चा मार्ग फर्मवेअरमध्येच ठेवलेला नसतो. अशा वेळी झाकण मिटल्यावर थेट हायबरनेट करायला लावणे हा सर्वांत निर्धोक तोडगा. उठायला काही सेकंद जास्त लागतात, एवढेच.

मॅकमध्ये हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकाच घरचे असल्याने हा त्रास कमी, पण नाहीच असे नाही. २००५पासून त्याच्या लॅपटॉपमध्ये सेफ स्लीप आहे, म्हणजे रॅमबरोबर डिस्कवरही प्रत. इंटेलच्या मॅकमध्ये एसएमसी नावाच्या नियंत्रकाला रीसेट केल्यावर झोपेचे बरेच दोष जात. ॲपलच्या स्वतःच्या चिप असलेल्या यंत्रांत तो वेगळा विधी राहिलेला नाही, बंद करून चालू करणे पुरते.

लिनक्सवाल्यांचे भोग जुने. बहुतेक लॅपटॉपचे फर्मवेअर विंडोजवरच तपासून बाहेर पडते, त्यामुळे त्यातल्या एसीपीआयच्या तक्त्यांतल्या चुका लिनक्सच्या माथी येतात. जानेवारी १९९९च्या एका अंतर्गत ईमेलमध्ये बिल गेट्स यांनी एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरतेच करता येतील का, असा विचार बोलून दाखवला होता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील खटल्यात तो ईमेल पुरावा म्हणून उघड झाला. एसीपीआय खुलेच राहिले, पण लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आजही फर्मवेअरने विचारल्यावर आपण विंडोजशी सुसंगत आहोत असेच उत्तर देतो, कारण ‘लिनक्स’ म्हटल्यावर मिळणारी वागणूक भरवशाची नव्हती. लेनोव्होने २०१८मध्ये थिंकपॅड एक्स-१ कार्बनच्या सहाव्या पिढीला बायोस अपडेटमधून एस-३ परत दिली, तेव्हा त्या पर्यायाचे नावच ‘लिनक्स’ असे ठेवले.

कोणता ड्रायव्हर अडला हे शोधण्याची सर्वांत चतुर युक्ती लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हल्ड्स यांनी २००६मध्ये कर्नलमध्ये घातली. जागे होताना अडकलेल्या यंत्रात पडदा नसतो, डिस्क नसते, नेटवर्क नसते. रीस्टार्टनंतरही टिकेल अशी लिहिण्याची एकच जागा उरते: सेलवर चालणारे घड्याळ. म्हणून ‘पीएम ट्रेस’ चालू केल्यावर कर्नल प्रत्येक टप्प्याची सांकेतिक खूण तारीख-वेळेच्या रूपात त्या घड्याळातच लिहीत जातो. यंत्र अडकले की लगेच, दोन-तीन मिनिटांच्या आत, पुन्हा सुरू करायचे. उशीर केला तर घड्याळ पुढे सरकते आणि खूण बिघडते. सुरू झाल्यावर कर्नल ती वाचून अडलेल्या उपकरणाचे नाव नोंदवहीत दाखवतो. या चाचणीनंतर संगणकाची तारीख भलतीच झालेली असते आणि ती हाताने किंवा इंटरनेटवरून पुन्हा लावून घ्यावी लागते.